शेडमधल्या दोन पद्मिनी



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, 41 वा. निश्चय झालेली बुद्धी एकच असते, निश्चय नसला की तिला फाटेच फाटे फुटतात, असा भाव. वाचला आणि थेट अणदूरच्या घरामागचं पत्र्याचं शेड डोळ्यांपुढे आलं.

तिथे माझ्या दोन प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं उभ्या आहेत. एकीचं इंजिन उतरवलेलं, दुसरीचा पत्रा गंजलेला. कुर्ल्यात ही गाडी बनणं बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे एकेका पार्टसाठी भंगारबाजार पालथा घालायचा. परवा एकाने विचारलं, "विकणार का?" मी गप्प. खरं सांगू? गाडी सोडवत नाही असं नाहीच. 'मी करून दाखवणार' हे सोडवत नाही.

आपला खंडोबा बघा. सव्वादहा महिने अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपुरात. मूर्ती एकच, दोन गावांची. मानकरी लेखी करार करून देव एकमेकांच्या हाती देतात. निरोप देणाऱ्यांची माया काय कमी असते? (देव परत येतो, गाडी येणार नाही, हे मान्य!)

गंजलेली द्यायचं ठरवलंय. घेणाऱ्याला ती रस्त्यावर आणायचीय. तिचा कार्ब्युरेटर चांगला आहे, तेवढा गुपचूप काढून ठेवावा असं काल मनात आलं होतं. फुटला ना फाटा!

कार्ब्युरेटरसकट देतोय. संध्याकाळी आरतीनंतर फोन करतो.