शेवटच्या मुलासाठी
इटलीतील मुजेल्लो खोऱ्यावरच्या डोंगरात, बार्बियाना नावाच्या वस्तीत फादर लॉरेन्झो मिलानी १९५४ मध्ये आले. शाळांनी नापास ठरविलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ते चर्चच्या घरातच शिकवू लागले. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. मागे पडलेल्याला उमगल्याखेरीज धडा पुढे सरकत नसे. हुशार मुलावर हा अन्याय नव्हे काय? प्रश्न खोटा नाही. आम्हां पालकांच्या मनात तोच प्रथम उठतो. परंतु १९६७ मध्ये तेथील आठ मुलांनी मिळून लिहिलेले ‘शिक्षिकेस पत्र’ प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्या थांबण्यात त्यांचे काय गेले? हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही मिस्सेत भक्तिभावाने ऐकतो. शाळेची प्रवेशयादी लागते, तेव्हा मात्र आपले मूल उरलेल्या नव्याण्णवांत आहे ना, एवढेच पाहतो.