निळा डोंगर कोणत्या महिन्यातला?

लांबचा डोंगर निळा काढायचा, हे निसर्गचित्र शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच सांगतात. मग वऱ्हाडातलं अकोट असो की परतवाडा, कॅनव्हासवर सातपुडा निळाच उमटतो. नियम खोटा नाही. लिओनार्दोने तो पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवला, चित्रकार क्लॉड लोरेनने सतराव्या शतकात रोमभोवतीच्या माळरानावर तैलरंगात सिद्ध केला. पुढे १८७१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने कारण मांडलं: प्रकाशाच्या तरंगलांबीहून खूप लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात; स्वच्छ हवेत ते काम हवेचे रेणू करतात.

पण हे स्वच्छ हवेचं झालं. मे महिन्यात वऱ्हाडच्या हवेत धूळ असते. तिचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे; ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून उन्हाळ्यात नरनाळ्याचा डोंगर निळा न होता भुरकट होत आकाशात विरतो. तिथे अल्ट्रामरीन वापरलं की चित्राचं कॅलेंडर झालंच म्हणून समजा. पांढऱ्यात किंचित यलो ऑकर नि करडा हवा. उलट श्रावणात पाऊस उघडला की गाविलगडच्या रांगेतली घळ न घळ दिसते. डोंगर जवळ सरकतो, रंग खोली दाखवेनासा होतो.

क्लॉडची मांडणीही तपासून घ्यावी लागते. पुढे अंधार, मागे उजेड, ही त्याची रीत. पहिल्या पावसात भिजलेल्या काळ्या वावराला ती चपखल बसते. कापूस फुटला की पुढचाच भाग पांढरा होतो. रीत उलटते, तत्त्व मात्र टिकतं: अंतर वाढेल तसं काळं उजळतं आणि पांढरं मळतं. पायाशी बोंड आणि माती यांच्यात टोकाचा फरक. चार वावरं पलीकडे दोहोंचा मिळून एकच करडा.

इथे तैलरंगाचा स्वभाव कामी येतो. आपल्या चटणीतल्या जवसाचंच तेल त्यात असतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतं. त्यामुळे डोंगराची कड दुसऱ्या दिवशीही मऊ करता येते. गडद डोंगर पुरता वाळल्यावर त्यावरून पांढऱ्याचा विरळ हात फिरवला, तर निळ्याचा थेंबही न घालता तो निळसर भासतो. प्रत्यक्षात हवा जे करते तेच इथे रंगाचा पातळ थर करतो.

नियम कुठे पाहायचं ते सांगतो. काय दिसेल ते सांगत नाही. डोंगराचा रंग ठरवण्याआधी चित्राचा महिना ठरवायला हवा.