अरबी कुणासाठी शिकायची?

अरबी कमीत कमी वेळात कशी शिकावी, हे मी गेले सहा महिने मोबाइलवर शोधतोय. सल्ले भरपूर मिळतात. रोज वीस मिनिटं द्या, आधी सर्वांत जास्त वापरातले हजार शब्द घ्या, शब्द विसरायच्या बेतात असतानाच उजळणी करा. इंजिनिअरला हे लगेच पटतं. पण एखादी गोष्ट किती कार्यक्षमतेने झाली हे मोजायचं, तर काम काय होतं ते आधी ठरायला हवं. मी तिथेच अडकलोय.

सोपा भाग आधी सांगून टाकतो. अक्षरं 28, उजवीकडून डावीकडे. शब्दात कुठे येतं त्यावर अक्षराचा आकार बदलतो, पण डोळा लवकर सरावतो. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे शब्द आधी माहीत असेल तरच तो नीट वाचता येतो. इथे आपल्याकडे आयतं भांडवल आहे. महाडच्या नाहीतर पोलादपूरच्या तहसील कचेरीत जा. तहसील, महसूल, हासील: तिन्ही अरबी, तिन्हींच्या पोटात ह-स-ल ही तीनच व्यंजनं, आणि गाभा एकच, हाती येणं. वसूल मात्र ह्या घरातला नाही. तो व-स-ल, म्हणजे पोचणं. तालुका, जिल्हा, हक्क, वारस, वकील, अर्ज हेही मूळचे अरबी, बहुतेक फारसीच्या हातून आपल्याकडे आलेले. एक धातू कळला की चार शब्द सुटतात.

(रायगड राजधानी असताना शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. तरी आपण आजही रायगडाला किल्लाच म्हणतो, आणि हा शब्द अरबीतल्या 'कलआ'वरून आलेला.)

आता अवघड भाग. आमच्या भागात अरबी येणारे लोक मला दोन प्रकारचे दिसतात. एक, मक्तबात जाणारी मुलं. त्यांच्या पहिल्या पुस्तकाला 'कायदा' म्हणतात. आपला कायदा तोच, मूळ अर्थ पाया किंवा नियम. आठ वर्षांचं पोर तजवीदच्या नियमांनुसार घशातून असा 'ऐन' काढतं की मी थक्क होतो. अर्थ विचारला तर बहुतेकांना सांगता येत नाही. ॲपच्या हिशेबाने हे वेळ वाया घालवणं झालं. मला तसं वाटत नाही. पठण हेच ज्यांचं काम, त्यांचं शिक्षण त्या कामाला पुरेपूर उतरलंय.

दुसरे, आखातात राबून आलेले. शेजारचे चाचा 19 वर्षं कुवेतला एका घरी ड्रायव्हर होते. अक्षर एक येत नाही, पण कामापुरती अरबी चार महिन्यांत आली. तआल, रूह, जीब, यल्ला. ये, जा, आण, चल. "हुकूम सगले कळतात रे, गप्पा नाय कळत," म्हणाले.

कमी वेळात, गरजेपुरतं, रोजच्या सरावाने: ॲप जे जे सांगतं ते सगळं चाचांनी केलं होतं. पण ती गरज त्यांची नव्हती, मालकाची होती. भाषा गरजेपुरतीच शिकली की दुसऱ्याला आपली जेवढी गरज, तेवढंच आपल्याला बोलता येतं. माझं इंग्रजी तरी वेगळं कुठे आहे? मीटिंग, तिकीट, डेडलाइन ह्यांत ते सुसाट पळतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की मात्र दोन वाक्यांत संपतं.

पोटापाण्यासाठी भाषा शिकण्यात कमीपणा आहे, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं ही भरल्या पोटाची चैन झाली. पण मला स्वतःला निवडायची मुभा आहे, तर मग निवड नीट करावी. प्रमाण अरबी घेतली तर वर्तमानपत्र आणि पुस्तकं उघडतात, पण घरात तशी कुणी बोलत नाही. बोली घेतली तर माणसं उघडतात, पण ती देशागणिक बदलते. सल्ला देणारे बहुतेक प्रमाण भाषा आधी सांगतात. मी कुवेती बोलीपासून सुरुवात केलीय, तीही प्रश्नांपासून. जेवलास का? झोप लागली का? घरचे कसे आहेत?

ह्यातलं शेवटचं तरी चाचांना येत असेल, म्हणून परवा विचारलं.

"ता त रोज ऐकायचो," ते म्हणाले. "मालक फोनवर इचारायचा कुणाला कुणाला."