काटेरी झुडपाचं नाव

भोपाळच्या कोलार रोडकडे आमची वसाहत आहे. तिथल्या जिनमंदिराच्या भिंतीला लागून एक पडीक तुकडा आहे. मुरूम, दगड, उन्हाळ्यात करपलेलं गवत आणि मधूनमधून काटेरी झुडपं. चातुर्मासात मंडपाला जागा हवी म्हणून तो साफ करायचं ठरलं. महिला मंडळाच्या बैठकीत मला विचारलं, "ताई, झुडपं काढायची ना?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "काढा की. मुलांच्या पायात काटे जातात."

संमती एवढीच. त्या वेळी माझ्या वहीत संध्याकाळच्या स्वाध्यायाचा विषय लिहिलेला होता : वनस्पतिकाय जीव.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. मी दर्शन करून बाहेर पडले तेव्हा तीन झुडपं आडवी झाली होती. मंदिरात झाडलोट करणारी बाई त्यांतली पिवळट फळं वेचून ओच्यात भरत होती. ती माळव्याकडची. मी म्हटलं, "बाभळीची फळं कशाला घेतेस?" ती हसली. "बबूल नहीं है दीदी, हिंगोट है. हमारे उधर दिवाली के दूसरे दिन इसी से लड़ते हैं."

हिंगोट! मी जवळ जाऊन पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. कारण हे झाड मला माहीत होतं. माझं माहेर कारंज्याचं. आजी ह्याला हिंगणबेट म्हणायची. त्याचा चिकट गर पाण्यात कोळून तिनं आपला लग्नातला शालू धुतलेला मी पाहिला आहे. फेस यायचा आणि रेशमाचा रंग जात नसे. (त्या शालूसाठी किती किडे उकळत्या पाण्यात गेले असतील, हा प्रश्न तेव्हा घरात कुणी काढला नाही. मीही नाही.)

मैत्रिणींनो, ओळखायला हे झाड अवघड नाही. बाभळीचं पान म्हणजे बारीक पानांची पिसासारखी ओळ आणि फूल म्हणजे पिवळा गोंडा. विलायती बाभळीचंही पान तसंच बारीक. बोरीच्या काट्यांची जोडी असते, एक सरळ, एक वाकडा, आणि पान खालून पांढुरकं. करवंदीची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हिंगणबेटाला मात्र एका देठावर दोनच पानं, राखी-हिरवी, जाडसर. काटा लांब, सरळ आणि हिरवा, कधीकधी त्या काट्यावरच पान फुटलेलं. फळ लिंबाच्या आसपास, पण लांबट. पिकलं की साल पिवळट होते. आत कडू-गोड गर आणि दगडासारखी आठळी, आठळीत तेलाचं बी. दोन पानं मोजायला दोन क्षण लागतात. ते मी दिले नव्हते.

संस्कृतात ह्याचंच नाव इंगुदी. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुष्यंताला आश्रम जवळ आल्याची एक खूण दिसते ती इंगुदीची फळं फोडून तेलकट झालेल्या दगडांची. पुढे शकुंतला सासरी निघते तेव्हा एक हरिण तिची वाट अडवतं. त्याच्या तोंडाला कुशाचं टोक बोचलं होतं, तेव्हा तिनं त्या जखमेवर इंगुदीचंच तेल लावलं होतं. एका काट्यानं झालेली जखम दुसऱ्या काटेरी झाडाच्या तेलानं भरून आली.

आणि हेच फळ इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शस्त्र होतं. फळ वाळवून पोकळ करतात, आत दारू ठासतात, मातीनं तोंड बंद करतात, बांबूची काडी बांधतात. गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' आणि रुणजीचे 'कलंगी', असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहून पेटती हिंगोटं एकमेकांवर सोडतात. माणसं भाजतात आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहतात. आमच्या झाडणाऱ्या बाईचा भाऊ एकदा त्यात भाजला होता. "निशान है अभी तक," म्हणाली. तिच्या आवाजात दुःख होतं आणि थोडा अभिमानही.

आता सांगा, हे झाड हिंसक की अहिंसक?

प्रश्न भाबडा वाटेल. पण आपण सगळ्याजणी मनातल्या मनात काट्याला हिंसक ठरवूनच बसलेल्या असतो. 'मुलांच्या पायात काटे जातात' ह्या माझ्या वाक्यात आरोपी झाड होतं. 'तत्त्वार्थसूत्र' सांगतं की प्रमादाच्या योगानं प्राणांचा घात होणं ही हिंसा. प्रमाद म्हणजे बेसावधपण. झाडाचा काटा झाडाला लागलेला आहे. तो कुणाच्या मागे धावत नाही. दारू ठासणारा हात माणसाचा, आणि जेसीबीला हो म्हणणारी जीभ माझी. त्या जागेत प्रमाद कुठे होता हे मला वेगळं शोधावं लागलं नाही.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे. कारण नसताना माती खणू नये, पाणी सांडू नये, वनस्पती तोडू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मी स्वतःची समजूत घातली की इथे कारण होतं, मंडप होता. पण मंडप तर रस्त्याच्या अंगाला होता. ती तीन झुडपं पार मागच्या कुंपणाशी होती! 'सगळंच साफ करा' ह्या एका शब्दात ती गेली. 'सगळंच' ह्या शब्दाला दोन पानं मोजता येत नाहीत.

मंदिराच्या भिंतीवर लेश्यावृक्षाचं चित्र आहे. तुम्हीही पाहिलं असेल. फळांनी लगडलेलं जांभळीचं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक मुळापासून तोडायला निघतो, दुसरा खोड, तिसरा फांद्या, चौथा घोस, पाचवा फक्त फळं तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. इतकी वर्षं मी पाठशाळेतल्या मुलांना ते चित्र समजावते आणि स्वतःला पाचव्या-सहाव्यात धरते. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं, चित्रातलं झाड गोड फळांचं आहे. तिथे माझी भूक मला सावध ठेवते. ज्या झाडाचं मला काहीच नको, त्याच्यापुढे मी कितवी? कुंपणाशी मी पहिलीच होते. सहावी होती ती खाली पडलेली हिंगोटं वेचणारी बाई.

ह्यावर आमच्या घरात वाद झाला. हे म्हणाले, "नाव कळलं, कालिदास आठवला, म्हणून तुला वाईट वाटलं. घाणेरी असती तर?" बोलणं खरं होतं. कुळ आणि उपयोग पाहून दया करायची म्हणजे तीही एक सोयरीकच. शिवाय नाव माहीत असलं की माणूस सुधारतो असंही नाही. हिंगोटाचं नाव गौतमपुऱ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि ह्याच झाडाची साल पाण्यात टाकून मासे गुंगवणारेही ते चांगलं ओळखूनच असतात.

मग नाव विचारायचं कशाला? मला एवढंच कळतं : नाव विचारायला थांबावं लागतं. थांबलं की दिसतं, हे कुंपणाशी आहे, वाटेत नाही. कदाचित तरीही तोडावं लागेल. संसारात, बांधकामात, स्वयंपाकात ते सुटत नाही. पण मग कोणाला तोडलं हे मला सांगता येईल. रोजच्या प्रतिक्रमणात मी एकेंद्रिय जीवांची क्षमा मागते. त्या जीवांना चेहरा नसल्यानं ती क्षमा फार स्वस्त पडत होती. त्या संध्याकाळी 'वनस्पतिकाय' म्हणताना जीभ अडखळली. डोळ्यांपुढे दोन-दोन पानं होती.

पुढच्या बैठकीत मी झाला प्रकार सांगितला आणि उरलेली चार झुडपं ठेवू या म्हटलं. एकीनं विचारलं, "आणि काटे?" प्रश्न रास्त होता. वाटेकडे आलेल्या फांद्या बांधून घेतल्या आणि मुलांना चपला घालायला सांगितलं. दोघींना हे अजूनही पटलेलं नाही. त्यांना मी दोष देत नाही.

तोडलेल्यांपैकी एकाच्या बुडातून पावसाळ्यात फूट आली. पाठशाळेची मुलं पाहायला गेली. एकानं ओरडून मोजलं, "दोनच पानं!" दुसऱ्यानं काट्याला बोट लावलं, "आई गं!" म्हणाला, आणि बोट चोखत पुन्हा वाकून बघू लागला.