मशीन कशावर आहे?

लिनक्सच्या काळ्या खिडकीत व्हिम हा मजकूर लिहायचा एडिटर उघडायची वेळ आली, की हिंजवडीतल्या नवशिक्या मुलांकडून एक विनोद हमखास ऐकू येतो: यातून बाहेर कसं पडायचं? विनोद जगभरचा आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर हा प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेल्याचे २०१७मध्ये त्या संकेतस्थळानेच जाहीर केले. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र उथळ असतो: व्हिम जुनाट, म्हणून अवघड. कृत्रिम बुद्धिमत्ता आदेश लिहून देते, मग ते आदेश घेणारा शेल शिका कशाला, हा युक्तिवाद तर आणखी हलका. आलेला आदेश वाचता येत नसेल, तर तो चालवायचा की नाही हे ठरवणार कोण?

व्हिम अवघड वाटतो तो त्यातल्या मोडमुळे, आणि हाच अवघडपणा पवना नदीपलीकडे भोसरीच्या कारखान्यांत रोज पाळ्यापाळ्यांनी हाताळला जातो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज, पुढे चाकणचे जर्मन कारखाने, हा इथल्या उद्योगांचा इतिहास सर्वांना पाठ आहे. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमधले, संगणकी प्रोग्रामवर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे पॅनेल मात्र कोणी निरखून पाहत नाही. फानुक कंट्रोलच्या अनेक मशीनवर मोड निवडायचा एक गोल स्विच असतो: एडिट, ऑटो, एमडीआय, जॉग. प्रोग्राम दुरुस्त करायचा तर स्विच एडिटवर. इन्सर्ट, आल्टर, डिलीट ही बटणे तेव्हा कामाची. जॉब, म्हणजे सुटा भाग, काढायचा तर ऑटो. पुष्कळ ठिकाणी प्रोग्रामला किल्लीचे कुलूपही असते.

१९७६मध्ये बिल जॉयने लिहिलेला व्हीआय आणि १९९१मध्ये ब्राम मोलेनारने जगापुढे आणलेला व्हिम याच रीतीचे. एकच अक्षर एका मोडमध्ये आदेश, दुसऱ्यात मजकूर.

याला सर्वांत ताकदीचा विरोध केला लॅरी टेस्लरने. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी हा एक. मोडचा इतका तिटकारा की गाडीच्या नंबरपाटीवरही ‘नो मोड्स’. माणूस मजकूर समजून टाइप करतो आणि यंत्र ते आदेश समजून पाळते, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. लाखो लोकांना टंकलेखन सोपे झाले, त्यात त्याचा वाटा आहे. पण त्याच्याच कॉपी-पेस्टचे काय? कॉपी केलेले डोळ्यांना दिसत नाही. मध्ये दुसरे काही कॉपी झाले, तर पेस्ट करताना भलतेच उमटते. मोड गेला नाही, नजरेआड झाला. आणि भोसरीत मोड काढून टाकायचे म्हणजे स्पिंडल फिरत असताना त्याच बटणाने प्रोग्रामही खोडायची सोय करायची. ती मशीन लावणारा कोणता सेटर मागेल?

टेस्लर एका जागी पुरता बरोबर आहे, आणि ती जागाही शॉपफ्लोअरवरच सापडते. प्रोग्राममधला जी-शून्य हा कोड म्हणजे टूलची झपाट्याची चाल, जी-एक म्हणजे कापण्याची. एकदा दिलेला कोड बदलेपर्यंत लागू राहतो. पुढच्या ओळीत जी-एक लिहायचा राहिला, की टूल त्याच झपाट्याने जॉबमध्ये घुसते. म्हणून पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबत, कापण्याचा आणि झपाट्याचा वेग उतरवून काढतात.

तेव्हा भेद करायचा तो घेतलेला मोड आणि लागून राहिलेला मोड यांत. स्विच फिरवून घेतलेला मोड हाताला ठाऊक असतो. लागून राहिलेला डोक्यात वागवावा लागतो. व्हिमचे मुरलेले वापरकर्ते मजकूर लिहायच्या इन्सर्ट मोडमध्ये पाहुण्यासारखे जातात आणि बाहेर पडायला लगेच एस्केप दाबतात. ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर व्हीआय घडला, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होता, करंगळीजवळ. आज तो कोपऱ्यात गेला आहे, आणि दोष मात्र व्हिमला लागतो.

शेलमध्ये आपण कोणत्या स्थितीत आहोत हे दाखवायचे काम प्रॉम्प्ट करतो. बॅश हा शेल सोडून झेडशेल किंवा फिश घेतला, की पहिला आठवडा रंग निवडण्यात जातो. त्या सजावटीत आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत आणि शेवटी सर्वाधिकारी रूटचा हॅश आहे की नाही, एवढे दिसत राहिले तरी पुष्कळ. फाइल पुसणाऱ्या आरएम आदेशाला कचरापेटी नसते.