‘गप्प बस’ म्हणणारा जमाव



जूनमध्ये शाळा उघडल्या की जुळे सोलापूरची सकाळ बदलून जाते. विजापूर रोडवर स्कूल व्हॅन आणि रिक्षा धावू लागतात, घरोघरी डबे भरले जातात, नव्या वह्यांना कव्हर चढते. आणि काही घरांत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सोमवारी सकाळी एखाद्या लेकराचे पोट दुखू लागते. डॉक्टरांना काही सापडत नाही. शनिवारी दुपारी पोट आपोआप बरे होते. आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा! पण पुष्कळदा ते दुखणे अभ्यासाचे नसते. रिक्षात मागच्या सीटवर कोणीतरी रोज टपल्या मारीत असतो, डबा हिसकावून खात असतो, किंवा अख्ख्या वर्गाने त्या मुलीशी बोलायचे नाही असे ठरविलेले असते.

आपले सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे शहर. मोठ्यांना याचे कौतुक वाटते, पण वर्गात एखाद्याचा उच्चारच चेष्टेचा विषय होतो. आडनाव, रंग, जाडी, वडिलांचे काम आणि आपल्या मुलांच्या बाबतीत कधीकधी गळ्यातला क्रूस, चिडवायला काहीही पुरते. आणि खरे बोलायचे तर आपल्या धर्मग्रामातील मुले फक्त चिडविली जाणारी नाहीत. चिडविणाऱ्यांतही ती आहेत.

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण या दृष्टीने पुन्हा वाचावा. त्यात लोक दोनदा कोणाला तरी दटावतात. आधी काही जण मुलांना प्रभूकडे आणतात आणि शिष्य त्यांना अडवितात. प्रभू येशूला याचा राग येतो, असे मार्क स्पष्ट लिहितो. पुढे त्याच अध्यायात यरिहोच्या रस्त्याकडेला आंधळा बार्तीमय ओरडू लागतो आणि पुष्कळ जण त्याला गप्प बसायला सांगतात. हे लोक दुष्ट नव्हते. येशूच्याच मागे चाललेली, आपल्यासारखीच भाविक माणसे होती ती. त्यांना फक्त गोंधळ नको होता.

प्रभू मात्र थांबतो. विशेष म्हणजे तो स्वतः हाक मारीत नाही, त्या जमावालाच त्याला बोलवायला सांगतो. क्षणापूर्वी दटावणारी तोंडे आता त्याला धीर देऊ लागतात. मग प्रभू त्याला विचारतो की, तुझ्यासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवे असणार हे कोणालाही कळले असते. तरीही प्रभूने ते त्याच्याच तोंडून वदवून घेतले.

आता आपल्या घरात पाहू. मूल शाळेतले काही सांगू लागते तेव्हा आपण काय म्हणतो? ‘तू लक्ष देऊ नकोस.’ ‘तूच काहीतरी खोडी काढली असशील.’ ‘चुगली करायची नाही.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे असे आम्हांला वाटते. दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगणे ही चुगली. कोणाचा तरी छळ थांबावा म्हणून सांगणे ही चुगली नव्हे. हा फरक मुलांना आपणच शिकवायचा आहे. नाहीतर चुगलीखोर ठरण्याच्या भीतीने पाहणारी तीस मुले गप्प राहतात आणि त्रास देणाऱ्या दोघांचे फावते.

काही पालक श्रद्धेनेच मुलांना सांगतात की, दुसरा गाल पुढे कर. प्रभूची ती शिकवण सूड न घेण्याची आहे, तोंड शिवून घेण्याची नव्हे. योहानच्या अठराव्या अध्यायात हन्नासमोर एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो, तेव्हा प्रभू उलट हात उगारीत नाही, पण गप्पही राहत नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असा जाब तो विचारतो.

संत डॉमिनिक सावियोचेही असेच झाले आहे. शाळेच्या शेगडीत बर्फ भरल्याचा खोटा आळ त्याने निमूटपणे सोसला, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात आवर्जून सांगितली जाते. दुसरी तितकी सांगितली जात नाही. दोन मुले एकमेकांच्या घरच्यांना नावे ठेवण्यावरून दगडांनी मारामारी करायला निघाली, तेव्हा हा मुलगा हातात क्रूस घेऊन मध्ये उभा राहिला आणि पहिला दगड मला मारा म्हणाला. 1856 मध्ये त्याने तुरीन येथे संत जॉन बॉस्को यांच्या वसतिगृहात मित्रांना घेऊन निष्कलंक मरियेच्या नावाने एक मंडळ काढले. नियम मुलांनीच लिहिले. बॉस्को यांनी ते वाचून थोडी भर घातली. नवा आलेला, एकटा पडलेला किंवा व्रात्य मुलगा हेरून सभासदाने त्याच्याशी मैत्री करायची, असे त्यांचे काम चाले. सावियो 1857 मध्ये, पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच वारला. शिस्त केवळ मोठ्यांनी लावायची असते असे बॉस्कोंनी मानले असते, तर हे मंडळ उभेच राहिले नसते.

आज फिनलंडमध्ये याच वाटेने काम चालते. तेथील तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ हा कार्यक्रम 2009 पासून देशभरातील शाळांत गेला. त्याचा भर बघ्या मुलांवर आहे. बघे हसायचे थांबले की त्रास देणाऱ्याची मजा जाते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. शाळेत तक्रारपेटी ठेवण्याचा आदेश शासनाने 2017 मध्ये काढला, 2022 मध्ये ‘सखी सावित्री’ समित्या आल्या आणि बदलापूरच्या शाळेतील घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये हे सारे पुन्हा बजावण्यात आले. पण मुख्याध्यापकांच्या दारासमोर, सर्वांच्या नजरेत टांगलेल्या पेटीत चिठ्ठी कोण टाकणार? पालक सभेला जाल तेव्हा गुणांची चौकशी झाल्यावर एवढेही विचारा: पेटी कोठे आहे, कोण उघडतो, चिठ्ठीचे पुढे काय झाले ते मुलांना कळते का? वर्गप्रतिनिधी मुलांनी निवडला की सरांनी? शाळेच्या मंत्रिमंडळातील मुले फक्त रांगा लावतात, की शाळेत भीती कोठे वाटते हेही त्यांना कोणी विचारते? जिना, स्वच्छतागृह, रिक्षाची मागची सीट अशा जागा मुलांना पाठ असतात, शिक्षकांना नसतात. आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक प्रत्येक मुलाला तोंडपाठ असू द्या.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर पाचवी ते दहावीच्या मुलांनी सभागृहात थांबावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि चर्चच्या आवारात काय खटकते, ते त्यांनी सांगायचे आहे. नाव न घालता चिठ्ठी दिली तरी चालेल. धर्मशिक्षक फक्त ऐकतील, मध्ये बोलणार नाहीत, आणि प्रत्येक गोष्टीचे काय केले ते त्यानंतरच्या रविवारी मुलांनाच सांगतील. पालकांनी तोवर बाहेर चहा घ्यावा. घरी गेल्यावर ‘तू काय बोललास?’ असे मात्र विचारू नये.