दिव्यालाही हवा लागते



ऑक्टोबर संपत आला की गुरुग्राम-नोएडाच्या मॉलमध्ये डोळे आणि दात कोरलेले भोपळे दिसू लागतात. ‘हे आपले नाही’ असे म्हणून आपण पुढे जातो. आज जरा थांबून पाहू या.

१ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्या रात्री भुताखेतांना दूर ठेवण्यासाठी आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि त्यांना मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला.

आता आपल्या दिल्लीजवळच्या ब्रजकडे पाहा. शरद ऋतूत तिथल्या मुली झांझी घेऊन, गाणी म्हणत दारोदार फिरतात. झांझी म्हणजे छिद्रे पाडलेले मातीचे मडके, आत पेटती पणती. मुलांचा टेसू असतो. शरद पौर्णिमेला दोघांचे लग्न लागते. गुजरातचा गरबाही असाच: सच्छिद्र घट आणि आत दीप.

छिद्रे कशासाठी? उजेड बाहेर यावा म्हणून, हे खरेच. पण तोंड बंद केलेल्या मडक्यात हवेवाचून दिवाच विझतो.

हे मला उशिरा कळले. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. मागच्या वर्षी कॉस्टिंगमध्ये नापास झाले आणि तीन महिने आईला फोनवर “सगळं छान चाललंय” असे सांगत राहिले. रोज ध्यानाला बसत होते, पण मन लागत नव्हते. एके रात्री तिने विचारले, “आवाज का गं असा?” मग सगळे सांगून टाकले. आई रागावली. थोड्या वेळाने म्हणाली, “जेवलीस का?” त्या रात्री शांत झोप लागली.

साधकहो, मार्क कमी पडल्याने माझा दिवा विझत नव्हता. ते झाकून ठेवल्याने विझत होता.

घरात मुलांनी भोपळा कोरायचा हट्ट धरला तर नाही म्हणू नका. गराचे घारगे करा, बिया धुऊन वाळवा. दिवा मुलांच्याच हातून लावून घ्या. मग त्या उजेडात बसून स्वतःला विचारा: मी कोणापासून काय झाकून ठेवले आहे?

आणि आजच त्या माणसाला फोन करा.